उशीतला पाला आणि माणसाची झोप

सोलापूरकडच्या घरांत बाळंतिणीच्या खोलीत शिरले की काही वस्तू ठरलेल्या जागी दिसत. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा, वावडिंग आणि बाळंतशोपा यांची धुरी, वेखंडाचा तुकडा आणि बाळाच्या डोक्याखाली मऊ धोतराच्या तुकड्याची, मोहरी भरलेली लहानशी उशी. मोहरीचे दाणे गोल आणि निसरडे असतात. डोके वळेल तसे ते सरकतात. त्यामुळे बाळाचे डोके एका बाजूने चपटे न होता गोल राहते, असा समज पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. मोहरीच्या उबेने बाळाला शांत झोप लागते, असेही वडीलधाऱ्या बायका सांगत.

उशीत काय भरले असता झोप चांगली लागते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. इतिहास राजांचा, लढायांचा आणि तहांचा असतो, उशीचा कसला इतिहास, असे कुणी म्हणेल. परंतु मनुष्य आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा झोपेत घालवतो आणि झोप हुलकावणी देऊ लागली की राजाही रंकासारखा हतबल होतो. म्हणूनच चीनमध्ये चहाच्या पाल्याने, युरोपात हॉपच्या फुलांनी, जपानमध्ये बकव्हीट या धान्याच्या टरफलांनी आणि आपल्याकडे मोहरीने उशा भरल्या गेल्या. आज अशा उशा निद्रानाशावरील ‘नैसर्गिक उपाय’ म्हणून बऱ्याच किमतीला विकल्या जातात. या समजुतींत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे इतिहासाच्या आधाराने तपासून पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

आरंभ आपल्याच मुलखापासून करू. बाराव्या शतकात सोलापूरचा परिसर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत होता. सोन्नलिगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदला, तो याच शतकात. त्याच घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने कसे राहावे, काय खावे, काय ल्यावे, कोणते खेळ खेळावेत याचा तो एक ज्ञानकोशच आहे. त्यात ‘शय्याभोग’ नावाचे प्रकरण आहे. पक्ष्यांची पिसे, सावरीचा कापूस, साधा कापूस, फुलांतील केसर, कोवळी पालवी अशा नाना द्रव्यांनी सिद्ध केलेल्या शय्यांचे वर्णन त्यात आढळते. म्हणजे बिछान्यात सुगंधी पाला-फुले घालण्याची कल्पना आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदली गेली होती. मात्र ती ‘भोग’ या सदरात नोंदली गेली, ‘चिकित्सा’ या सदरात नव्हे. सोमेश्वराला त्या शय्येवर सुख हवे होते, तिच्याकडून रोग बरा व्हावा अशी त्याची अपेक्षा नव्हती. हा भेद आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे सारा घोटाळा तो विसरल्यामुळेच झालेला दिसतो.

राजाच्या वाट्याला केसर आणि पालवी आली. प्रजेच्या वाट्याला आला कापूस, आणि तोही मिळेल तेव्हा. सोलापूर ही कापसाची आणि सुताची नगरी. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि ‘जुनी गिरणी’ म्हणून ती लोकांच्या तोंडी बसली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर चादरी विणल्या आणि शहराचे नाव देशभरातल्या अंथरुणांवर पोहोचवले. परंतु चादर विणणाऱ्याच्या उशाला काय होते? बहुधा जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या चिंध्या. कष्टकऱ्याच्या घरात उशी ही वाकळीचीच धाकटी बहीण असे. जरा बरे दिवस आले की पिंजारी दारी येई, पिंजणाच्या तातेवर कापूस पिंजून देई आणि दबलेली उशी पुन्हा फुगून उठे. त्या पिंजणाचा टणत्कार ज्यांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना नव्याने भरलेल्या उशीवरची पहिली रात्र आठवत असेल. त्या रात्री लागणारी गाढ झोप कोणत्या औषधाची होती? तिचे श्रेय पोकळ झालेल्या, हवा खेळत्या, उन्हात तापून निघालेल्या स्वच्छ कापसाला द्यावे लागेल.

आता दृष्टी जरा दूर टाकू. १९७२ साली चीनच्या हुनान प्रांतात, चांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे एका सरदार-पत्नीची कबर उत्खननात उघडण्यात आली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील या स्त्रीचे कलेवर आश्चर्यकारक रीतीने टिकून राहिले होते. तिच्याबरोबर ठेवलेल्या रेशमी वस्त्रांत आणि सुगंधी पुड्यांत एक भरतकाम केलेली उशीही निघाली. तिच्यात एक वाळवलेली सुगंधी वनस्पती भरलेली होती. सुगंधी पाल्याच्या उशीचा याहून जुना आणि याहून स्पष्ट पुरावा क्वचितच सापडेल. पुढे सुंग काळातील विख्यात कवी लू यू (११२५ ते १२१०) याने विशीत असताना शेवंतीच्या वाळलेल्या फुलांनी भरलेल्या उशीवर कविता लिहिली होती. वार्धक्यात पुन्हा तशी उशी भरताना त्याला तारुण्य आठवले, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. चहाचा वापरलेला पाला वाळवून उशीत भरण्याची चीनमधील व जपानमधील रीत याच परंपरेतली होय. चहा पिऊन झाल्यावर उरलेला चोथा टाकून न देता उन्हात खडखडीत वाळवायचा आणि साठवून त्याची उशी करायची. काटकसर आणि सुगंध यांचा हा मेळ गृहिणींना आवडला नसता तरच नवल.

चीनचे नाव निघाले की सोलापूरकराला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवल्याविना राहत नाहीत. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेला. जखमी सैनिकांवर त्यांनी रात्रंदिवस शस्त्रक्रिया केल्या. १९४० सालच्या एका लढाईत ते ७२ तास न झोपता काम करीत राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच निवर्तले. सोलापुरातील त्यांच्या राहत्या घराचे आज स्मारक झाले आहे. ज्या देशाने शेवंतीची आणि चहाची उशी घडवली, त्या देशात आमच्या गावचा एक डॉक्टर दुसऱ्यांच्या प्राणांसाठी स्वतःची झोप वाहून बसला, हा इतिहासाचा एक हृद्य योगायोग म्हटला पाहिजे. झोप ही किती मोलाची वस्तू आहे, हे ती दान करणाऱ्याकडे पाहिले म्हणजे समजते.

युरोपातील कथा आपल्या वाचकांना अधिक जवळची वाटेल. जर्मनीतील मठाध्यक्षा संत हिल्डेगार्ड (१०९८ ते ११७९) यांनी वनस्पतींच्या गुणधर्मांवर लिहिलेल्या ग्रंथात, वाईट स्वप्नांनी पीडलेल्या माणसाने बेटोनी नावाच्या वनस्पतीची पाने झोपताना जवळ बाळगावीत, असा सल्ला दिला आहे. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ‘चर्चच्या आचार्या’ हा किताब दिला. मध्ययुगीन युरोपात पिवळ्या फुलांचे एक गवत वाळवून गाद्यांत भरीत. वाळल्यावर त्याला ताज्या कडब्यासारखा गोड वास येतो आणि त्यामुळे पिसवा दूर राहतात, असा समज होता. गव्हाणीत पवित्र मरियेने हेच गवत अंथरले होते, अशी लोककथा रूढ झाली आणि इंग्रजीत त्या गवताला आजही ‘आमच्या बाईचे अंथरूण’ अशा अर्थाचे नाव आहे. शुभवर्तमानांत अशा गवताचा उल्लेख नाही. तेथे केवळ गव्हाण आहे आणि बाळंत्यात गुंडाळलेले बाळ आहे. पण लोकमानसाने त्या बाळाच्या अंगाखाली काहीतरी मऊ, काहीतरी सुगंधी अंथरावे, यातली ममता समजण्यासारखी आहे. आमची आजी मोहरीची उशी शिवते, त्यामागे हीच ममता असते.

इंग्लंडमध्ये हॉपच्या फुलांची उशी प्रसिद्धीला आली ती एका राजामुळे. तिसरा जॉर्ज १८०१ साली पुन्हा मनोविकाराने आजारी पडला आणि त्याची झोप उडाली. तेव्हा हेन्री ॲडिंग्टन या मुत्सद्द्याने त्याला हॉपची उशी सुचवली आणि राजाला झोप लागली, असे सांगतात. ॲडिंग्टन पुढे लवकरच पंतप्रधान झाला. तो वैद्याचा मुलगा होता आणि विरोधक त्याला हिणवून ‘डॉक्टर’ म्हणत. राजा झोपला खरा. पण तो हॉपमुळे झोपला, की दिवसांच्या थकव्यानंतर आपोआप झोपला, की आपल्यासाठी कुणी आपुलकीने काही करीत आहे या जाणिवेने झोपला? एका रोग्याच्या एका रात्रीवरून याचे उत्तर मिळत नाही. तरीही अशाच एकेका कहाणीवर उशांची कीर्ती उभी राहिली आहे.

सुगंधाचा हा व्यापार किती जुना आहे आणि त्याच्याशी आपल्या प्रदेशाचा संबंध किती घनिष्ठ आहे, हेही पाहू. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीच्या मरियेने येशूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले. ते जटामांसीचे होते. त्याची किंमत तीनशे दिनार होती, म्हणजे मजुराच्या सुमारे वर्षभराच्या मजुरीइतकी. जटामांसी ही हिमालयातील वनस्पती आहे. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात जटामांसीचा उल्लेख आहे. त्याच बंदरात दख्खनच्या तगर नगराहून जाडेभरडे कापड आणि मलमल येत असे, असेही तो ग्रंथकार लिहितो. हे तगर म्हणजे सोलापूरच्या उत्तरेला, धाराशिव जिल्ह्यात असलेले तेर. म्हणजे बेथानीच्या त्या घरात दरवळलेला सुगंध आणि आमच्या परिसरातल्या मागांवरचे कापड एकाच बंदरातून, एकाच शतकात जगाकडे निघत होते. तेरच्या कापडाचा अभ्रा आणि हिमालयाची जटामांसी एकत्र येऊन एखाद्या रोमन श्रीमंताच्या उशाशी पोहोचली असेल, ही कल्पना रम्य आहे. पुरावा नसल्यामुळे ती कल्पनाच राहू द्यावी. तथापि जटामांसी आणि वेखंड या दोन्ही द्रव्यांची चर्चा १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या वनौषधीविषयक संवादग्रंथात आढळते. या थोर वैद्याच्या अस्थी मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने उकरून जाळल्या, हेही आपण विसरू नये. ज्ञानाची परंपरा सांगताना तिच्यावर झालेला अन्याय झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मग आयुर्वेद काय सांगतो? चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात झोप उडालेल्या माणसासाठी उपायांची यादी आहे. अंगाला तेल चोळणे, उटणे, स्नान, दूध, तूप, दहीभात, अंग चेपणे, डोक्याला व चेहऱ्याला लेप, मनाला रुचणारे गंध आणि शब्द, नीट अंथरलेली शय्या, सुखकर घर आणि योग्य वेळ. यादी बारकाईने वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. गंध येथे आहे, परंतु तो अनेक उपायांपैकी एक म्हणून आहे आणि त्याला ‘मनाला रुचणारा’ असे विशेषण आहे. अमुक एका वनस्पतीचा वास प्रत्येकाला झोपवील, असे चरकाने म्हटलेले नाही. जो वास तुमच्या मनाला रुचेल तो घ्या, एवढेच तो सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा सावधपणा आजच्या जाहिरातींत आढळत नाही.

शिवाय जेथे वैद्यांना खरोखर औषधी परिणाम हवा होता, तेथे त्यांनी वनस्पती उशीत भरली नाही, ती पोटात दिली. सर्पगंधेचे उदाहरण घ्या. वेडाच्या भरावर आणि निद्रानाशावर तिची मुळी देण्याची चाल आपल्या देशात जुनी आहे. १९३१ साली सेन आणि बोस या दोघा भारतीय वैद्यांनी रक्तदाबावरील व मनोविकारांवरील तिच्या उपयोगासंबंधी लिहिले. १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात आपल्या रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. १९५२ साली तिच्यातील रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्या औषधाने माणसे शांत झाली, तसेच काही रुग्णांना नैराश्याने ग्रासल्याच्या नोंदीही झाल्या. ज्या वनस्पतीत खरी ताकद असते तिच्यात अपाय करण्याचीही ताकद असते. उशीतल्या पाल्याने कुणाला अपाय झाला नाही, हे तिचे गुणपत्र म्हणून सांगितले जाते, पण तीच गोष्ट तिच्या दुबळेपणाची साक्षही ठरते.

आधुनिक संशोधन या बाबतीत काय सांगते, ते थोडक्यात पाहू. पहिला प्रश्न असा की झोपलेल्या माणसाला वास येतो का? २००४ साली अमेरिकेतील कार्सकॅडन व हर्झ या संशोधिकांनी झोपलेल्या तरुणांना एकदा पेपरमिंटचा आणि एकदा पिरिडीन या उग्र रसायनाचा वास दिला. झोप लागता लागता ते वासाला प्रतिसाद देत, परंतु झोप गाढ झाल्यावर त्या उग्र वासानेही ते फारसे जागे होईनात. आवाजाने मात्र ते जागे होत. घराला आग लागल्यास धुराच्या वासाने जाग येईल यावर विसंबू नये, हा त्यातील व्यावहारिक धडा. दुसरीकडे २००५ साली नम्नी गोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ निरोगी तरुणांना झोपण्यापूर्वी लव्हेंडरचा वास दिला, तेव्हा त्यांच्या गाढ झोपेचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळले. म्हणजे वासाचा परिणाम शून्य आहे, असेही म्हणता येत नाही. परंतु अशा सर्व प्रयोगांत एक मूळची अडचण असते. गोळीच्या प्रयोगात खऱ्या गोळीसारखीच दिसणारी पोकळ गोळी देता येते. वासाचे सोंग कसे आणणार? ज्याला लव्हेंडरचा वास येतो, त्याला आपल्याला लव्हेंडर दिले आहे हे कळते. मग झोप वासाने आली की अपेक्षेने, हे वेगळे करणे कठीण होऊन बसते.

आता चहाच्या पाल्याची उशी घेऊ. चहा पिऊन झोप उडते, मग त्याच्या उशीने झोप कशी येईल, असा प्रश्न सहज पडतो. त्याचे उत्तर सोपे आहे. झोप उडवणारे कॅफिन डोक्याच्या उबेने हवेत उडत नाही, त्याला फार मोठी उष्णता लागते. म्हणून चहाच्या उशीने झोप उडण्याची भीती नाही. पण याच न्यायाने, चहातील जे द्रव्य मनाला शांत करते असे म्हणतात, ते थिॲनीनही पाल्यातून उडून नाकात शिरत नाही. उरतो तो केवळ वास. उकळून काढलेल्या चोथ्यात तोही थोडाच शिल्लक राहतो आणि काही आठवड्यांत विरून जातो. हॉपची गोष्ट जरा निराळी आहे. साठवलेल्या हॉपमध्ये गुंगी आणणारे एक उडणारे द्रव्य तयार होते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा परिणाम दिसला आहे. परंतु तेथे द्रव्याची मात्रा मोठी होती. उशीतून नाकापर्यंत पोहोचणारा अंश फारच अल्प असतो.

तरीही या उशांचा एक गुण मान्य केला पाहिजे, आणि तो औषधाचा नव्हे, घडणीचा आहे. झोप लागण्यापूर्वी शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते. हातपाय उबदार होतात आणि आतील उष्णता बाहेर टाकली जाते. डोके तापत राहिले तर या कामात अडथळा येतो. फोमच्या दाट उशीत उष्णता कोंडून राहते, तर टरफले, दाणे किंवा वाळका पाला यांच्या फटींतून हवा खेळते. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि रात्रीही भिंती उष्णता ओकत राहतात, त्या सोलापुरात हा लाभ लहान नाही. परंतु हाच लाभ नीट पिंजलेल्या कापसाच्या उशीनेही पुष्कळसा मिळतो आणि त्यासाठी दूरदेशीच्या पाल्याचे पैसे मोजावे लागत नाहीत.

तोटेही सांगितले पाहिजेत. वाळका पाला घाम शोषतो. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि धुळीतले सूक्ष्म कीटक त्यात वाढतात. दमेकऱ्याला हे बाधते. बकव्हीटच्या टरफलांच्या उशीमुळे त्या धान्याची ॲलर्जी असलेल्यांना, विशेषतः मुलांना, दम्याचा त्रास झाल्याच्या नोंदी जपानमध्ये आहेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट तान्ह्या बाळाची. १९९२ सालापासून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला आणि तो जगभर मान्य झाला. आज बाळाला उताणे, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीविना निजवावे असे सांगितले जाते. बाळाच्या डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नयेत, त्यांमुळे श्वास कोंडण्याचा धोका संभवतो, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. आपली मोहरीची उशी याच जातीची आहे. डोके चपटे होऊ नये असे वाटत असेल, तर बाळ जागे असताना आणि कुणी समोर बसलेले असताना त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावे, निजवताना तोंडाची दिशा बदलत जावी आणि शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे. हे लिहिताना मनाला यातना होतात, कारण त्या उशीला आजीच्या हाताचा वास आहे. परंतु आजीला बाळ हवे होते, उशी नव्हे. बाळाचे हित कशात आहे हे तिला कुणी समजावून सांगितले असते, तर ती उशी उसवून मोहरी फोडणीला घालायला तिने क्षणाचाही विलंब लावला नसता.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. सोलापूरची झोप उडवली कुणी? १८७७ नंतर गिरणीच्या भोंग्याने या गावाची रात्र तीन तुकड्यांत वाटली. सूर्य मावळला म्हणजे झोपायचे आणि उगवला म्हणजे उठायचे, हा शेतकऱ्याचा नेम रात्रपाळीने मोडला. भर दुपारी पत्र्याखाली, पोराबाळांच्या गलक्यात झोपण्याचा प्रयत्न करणाऱ्या गिरणी कामगाराला चहाच्या पाल्याची उशी देऊन काय साधले असते? पुढे गिरण्या बंद पडल्या आणि रात्रपाळीने जी झोप नेली नव्हती ती बेकारीच्या काळजीने नेली. यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही चालू राहिला. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया ज्या खोलीत दिवसभर तंबाखू आणि तेंदूपाने घेऊन बसत, त्याच खोलीत रात्री पथारी टाकीत. पाल्याच्या वासाने झोप चांगली लागत असती, तर या स्त्रियांइतकी सुखाची झोप जगात कुणाची नसती!

याच शहराच्या कुंभारी परिसरात विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली ती घरे स्त्रियांच्या हाती आली. १९ जानेवारी २०२४ रोजी तेथेच रे नगर वसाहतीतील आणखी पंधरा हजार घरे असंघटित कामगारांना देण्यात आली. झोपेचा इतिहास लिहिणाऱ्याने या तारखा मावांगत्वीच्या उशीइतक्याच महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत. चरकाच्या यादीतील ‘सुखकर घर’ हा उपाय येथे प्रत्यक्षात आला. डोक्यावर स्वतःचे छप्पर, दाराला स्वतःची कडी आणि उद्या कुणी हुसकावून लावणार नाही ही खात्री, यांहून मोठे निद्राजनक द्रव्य अद्याप कुणाला सापडलेले नाही.

ज्यांना घर आहे, पोटाला आहे आणि तरीही झोप येत नाही, त्यांचे काय? अशा दीर्घ निद्रानाशासाठी २०१६ साली अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने प्रथम उपाय म्हणून वर्तनोपचार सुचवला, गोळ्या नव्हेत. ठरलेल्या वेळी उठावे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर पडावे, जागरणात तेथे तळमळत न राहता उठून बसावे, अंथरूण हे चिंतेचे स्थान होऊ देऊ नये, अशी त्याची शिस्त असते. घोरताना श्वास अडकत असेल, किंवा उदासीने पहाटे जाग येत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. सुगंधी उशीचा खरा धोका येथे आहे. ती स्वतः अपाय करीत नाही, पण ‘आणखी एक महिना ही वापरून पाहू’ असे म्हणायला लावून ती योग्य उपचाराची वेळ दवडते.

मग सुगंधी उशी टाकून द्यावी काय? तसे मुळीच म्हणावयाचे नाही. सोमेश्वराने तिला जे स्थान दिले, तेच तिला द्यावे. ती भोगाची वस्तू आहे, निरुपद्रवी आणि सुंदर. मोठ्या माणसाला वाळ्याचा वास रुचत असेल तर त्याने वाळ्याची जुडी उशाशी ठेवावी, उशी दर पंधरवड्याला उन्हात घालावी, पाला जुना झाला की बदलावा. त्या कृतीतच दिवस संपल्याची, आता कामाचे ओझे खाली ठेवायचे असल्याची एक खूण असते. माणसाच्या मनाला अशा खुणा लागतात. याकोबाने बेथेल येथे दगड उशाला घेतला आणि त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली. मार्ककृत शुभवर्तमानात वादळाने होडी हेलकावत असता येशू वरामावर उशी घेऊन निजलेला होता. त्याची झोप उशीने आणली असे वाचणाऱ्यांपैकी कुणालाच वाटत नाही.

उशीत काय भरावे, याचा शोध माणसाने दोन हजार वर्षे घेतला. त्या शोधातून पाला, फुले, टरफले, मोहरी हाती लागली आणि प्रत्येकीबरोबर कुणाच्या तरी मायेचा हातही लागला. तो हात खरा आहे. चहाच्या पाल्यात निद्रानाशाचे औषध मात्र नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मान्य करण्याइतके आपले मन मोठे असावे. सोलापूरच्या चादरीवर, नीट पिंजलेल्या कापसाच्या उशीवर डोके टेकताना, आपल्या शेजारच्या घरात आज कुणाला कशामुळे झोप येत नाही, याचा विचार जर मनात आला, तर तो इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.